लग्नाच्या फोटोचा मालक कोण?

लग्न एक-दोन दिवसांत आटोपते; फोटो मात्र घरात वर्षानुवर्षे राहतात. पूर्वी अल्बम कपाटात असे. तो कोणाला दाखवायचा, हे घरची माणसे ठरवीत. आता फोटो मोबाइलवर येतात आणि बोट लावताच गावोगाव पोहोचतात.

पारनेर तालुक्यातील सुपा हे गाव नगर-पुणे महामार्गावर आहे. समजा, तेथील एका घरी मुलीचा निकाह ठरला. वडिलांनी फोटोग्राफरशी रक्कम ठरवली, आगाऊ पैसे दिले, पावती घेतली. निकाह झाला, वलीमाही झाला. महिन्याभराने मुलीच्या मामीचा फोन आला, “भाईजान, आपल्या मुलीचा फोटो फोटोवाल्याच्या जाहिरातीत कसा?” मेहंदीच्या रात्री घरच्यांसाठी काढलेला तो फोटो होता.

वडील दुकानात गेले. फोटोग्राफर म्हणाला, “चाचा, कॅमेरा माझा, मेहनत माझी. मग फोटो माझाच ना?” वडील म्हणाले, “बेटा, पैसे तर मी दिले!”

दोघांपैकी कोणाचे बरोबर? पुढे वाचण्यापूर्वी क्षणभर विचार करा.

चित्र, पुस्तक, गाणे, फोटो अशा कृतीची नक्कल करण्याचा आणि ती लोकांपुढे मांडण्याचा हक्क म्हणजे कॉपीराइट. मराठीत त्याला स्वामित्व हक्क म्हणतात. (हक्क, मालक, करार, कायदा, दावा, अर्ज, तसबीर हे मराठी शब्द तुम्हाला नवे नाहीत. ते तुमच्या उर्दूतही आहेत.) आपल्या देशात यासाठी १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे. फोटो काढणारा हा त्या फोटोचा कर्ता, असे हा कायदा मानतो. सहसा कर्ताच पहिला मालक असतो. पण कलम १७ मध्ये एक अपवाद आहे. कोणाच्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन फोटो काढला असेल आणि उलट करार झालेला नसेल, तर सांगणारी व्यक्ती पहिली मालक ठरते. लग्नाच्या व्हिडिओलाही हाच नियम आहे.

म्हणजे वडिलांचे म्हणणे बरोबर ठरते.

हा नियम जगात सगळीकडे नाही. इंग्रजांच्या १९११ च्या कायद्यात तो होता, तेथून तो आपल्याकडे आला. पुढे इंग्लंडने १९८८ च्या कायद्यात तो बदलला. तेथे आता फोटोग्राफर मालक असतो. पण घरगुती कामासाठी फोटो काढवून घेणाऱ्याला ते लोकांत पसरू न देण्याचा वेगळा हक्क दिला आहे. अमेरिकेतही लग्नाचे फोटो काढणारा स्वतंत्र फोटोग्राफर सहसा स्वतःच मालक असतो. म्हणून इंटरनेटवर परदेशातील नियम वाचून सुप्यात भांडायला जाऊ नये!

आता “उलट करार” हे शब्द पुन्हा वाचा. पावतीच्या मागे बारीक अक्षरांत “सर्व फोटोंचे हक्क स्टुडिओकडे राहतील” असे छापलेले असले, तर फोटोग्राफर त्याच ओळीचा आधार घेईल. लग्नाच्या धांदलीत पावतीची मागची बाजू कोण वाचतो? तुम्ही वाचा. घरात मराठी वाचणारे तुम्हीच असाल, तर हे काम तुमचेच आहे.

फोटोग्राफरची बाजूही ऐकली पाहिजे. काम दाखवल्याशिवाय त्याला नवे गिऱ्हाईक कसे मिळणार? त्याने आधी विचारले, तर एखादा मंडपाचा किंवा जेवणाच्या पंगतीचा फोटो द्यायला कोण नाही म्हणेल? शिवाय मालकी वडिलांकडे गेली, तरी तो फोटो आपण काढला हे सांगण्याचा त्याचा हक्क कलम ५७ प्रमाणे राहतो. त्याचे नाव खोडून तेथे दुसऱ्याचे नाव घालणे बरे नव्हे.

आणि मोबाइलवर फोटो काढणारा पाहुणा? त्याला कोणी पैसे दिलेले नसतात. त्याच्या फोटोचा मालक तोच. तुम्हाला व्हॉट्सअॅपवर कोणी फोटो पाठवला, तर तो पाहायला मिळतो. त्याची मालकी मिळत नाही.

फोटो परवानगीशिवाय इंटरनेटवर गेला, तर मालकाने ती वेबसाइट चालवणाऱ्या कंपनीकडे लेखी तक्रार करावी. २०१३ च्या नियमांप्रमाणे तक्रारीची खात्री पटल्यावर कंपनीने ३६ तासांत फोटो बंद करायचा असतो. मात्र २१ दिवसांत न्यायालयाचा आदेश आणला नाही, तर तो पुन्हा दिसू शकतो. म्हणून फोटोग्राफरशी बोलून, त्याच्याच हाताने फोटो काढून टाकवणे सर्वांत सोपे.

एक गोष्ट मला खटकते. ज्याने काम सांगितले तो मालक. पण फोटोत चेहरा मुलीचा आहे. कॉपीराइटचा कायदा तिला विचारत नाही. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असा निकाल दिला. तो हक्क तिचाही आहे. मग वडील स्वतःच मुलीचे फोटो साऱ्या नातेवाइकांच्या गटावर टाकू लागले, तर त्यांनी तिला आधी विचारायला नको का?

स्वाध्याय

१. वडील आणि फोटोग्राफर यांचे म्हणणे तुमच्या शब्दांत सांगा.
२. “उलट करार” म्हणजे काय? घरातील एखादी पावती आणून तिच्या मागील अटी वर्गात वाचा.
३. बहिणीचा लग्नातील फोटो जाहिरातीतून काढून टाकावा, अशी विनंती करणारे पत्र फोटोग्राफरला लिहा.