छेदातलं वर्गमूळ : ‘>’ की ‘≥’?

प्रश्न : फलाचा प्रांत काढताना वर्गमूळ अंशात असेल तर ‘≥’ आणि छेदात असेल तर ‘>’, असा नियम मी पाठ केला आहे. १/√(क्ष − ३) साठी तो चालला. पण १/(√क्ष − २) साठी ‘क्ष > ४’ लिहिलं तर गुण गेले. नियमच चुकीचा आहे का?
— अकरावीतली एक विद्यार्थिनी

उत्तर : चुकीचा नाही, अपुरा आहे. अटी मुळात दोन आहेत. आपण वास्तव संख्यांतच राहायचं ठरवलं आहे, म्हणून वर्गमुळाखाली ऋण संख्या नको. आणि छेद शून्य नको. १/√(क्ष − ३) मध्ये अख्खा छेद म्हणजे ते वर्गमूळच, त्यामुळे दोन्ही अटी एकाच पदावर येऊन पडतात आणि ‘क्ष > ३’ एवढंच लिहून भागतं.

तुमच्या दुसऱ्या उदाहरणात त्या वेगळ्या झाल्या. मुळाखाली नुसता क्ष आहे; तो शून्य झाला तरी बिघडत नाही. क्ष = ० घालून पाहा : छेद −२, उत्तर −१/२. छेद ऋण असायला कुणाचीच हरकत नसते, आणि पोरं नेमकी इथेच घाबरतात. छेद शून्य होतो फक्त √क्ष = २ असताना, म्हणजे क्ष = ४ ला. म्हणून प्रांत : क्ष ≥ ०, मात्र ४ वगळून. तुम्ही ० पासून ४ पर्यंतचा सगळा पट्टा उगाच टाकून दिलात.

आणखी एक जोडी तपासा : √((क्ष − १)/(क्ष − ४)) आणि √(क्ष − १)/√(क्ष − ४). दिसायला सख्ख्या बहिणी. पण क्ष = ० घातलं की पहिलीत ऋण भागिले ऋण होऊन √(१/४), म्हणजे १/२ मिळतं; दुसरीत मात्र √(−१) वरच गाडी अडते. पहिलीचा प्रांत क्ष ≤ १ किंवा क्ष > ४, दुसरीचा नुसता क्ष > ४. म्हणून प्रांत आधी काढावा, सोपं रूप नंतर द्यावं. (घनमुळाला ऋण संख्या चालते; १/∛(क्ष − १) मध्ये फक्त १ वगळायचा.)

एका ‘=’ ने एवढं काय होतं, असं वाटत असेल तर आइन्स्टाइनच्या १९०५ च्या सापेक्षता सिद्धांतातलं १/√(१ − क्ष²) बघा. क्ष म्हणजे वस्तूचा वेग भागिले प्रकाशाचा वेग. क्ष ०.६ असेल तर किंमत १.२५, ०.९९ असेल तर सुमारे ७, आणि १ ला छेदच शून्य. वस्तूला लागणारी ऊर्जा याच संख्येच्या हिशेबाने वाढत जाते. त्यामुळे वस्तुमान असलेली कुठलीही वस्तू प्रकाशाचा वेग गाठू शकत नाही, आणि तिथे ‘क्ष ≤ १’ लिहिलंत तर गणिताचे सर गुण कापतील, भौतिकशास्त्राचे सर वर्गाबाहेर काढतील.