घरी मुले सांभाळणाऱ्या सेविकांचे प्रशिक्षण

मुलांचा सांभाळ स्त्रीला उपजतच येतो, अशी समजूत आपल्याकडे दृढ आहे. जे काम उपजत येते ते शिकवण्याची गरज नाही, आणि जे शिकावे लागत नाही त्याला मोलही थोडेच द्यायचे, असा विचार त्यातून आपोआप रूढ होतो. त्याची किंमत मूल आणि सेविका या दोघांनाही मोजावी लागते.

१९६९ साली गांधी जन्मशताब्दीच्या निमित्ताने दिल्लीत राजघाटाजवळ बांधकाम चालू होते. मजूर स्त्रियांची तान्ही मुले तेथे धुळीत व उन्हात पडून असत. ते पाहून मीरा महादेवन यांनी तंबूत पाळणाघर सुरू केले. त्यातून ‘मोबाईल क्रेशेस’ ही संस्था उभी राहिली. तान्ह्या बाळांचे पाळणाघर, बालवाडी आणि मोठ्या मुलांचे वर्ग अशी तिच्या कामाची विभागणी होती. वयानुसार मुलाची गरज बदलते, म्हणून सेविकेचे ज्ञानही वेगळे लागते, हे तत्त्व या विभागणीच्या मुळाशी होते.

पुढे राष्ट्रीय पाळणाघर योजनेने पंचवीस मुलांमागे एक सेविका व एक मदतनीस असे प्रमाण ठरवले, आणि सेविकेसाठी बारावी व मदतनिसासाठी दहावी ही किमान पात्रता ठेवली. परंतु दिल्ली, गुरुग्राम किंवा नोएडात एखाद्या कुटुंबाने घरी आया ठेवली, तर तिच्यासाठी अशी कोणतीही सक्तीची अर्हता नाही. वास्तविक तिची जबाबदारी अधिक कठीण असते, कारण अडचणीच्या क्षणी सल्ला देणारे दुसरे कोणी तिच्याजवळ नसते.

एक उदाहरण घेऊ. वर्षाच्या आतील बाळाच्या घशात काही अडकले आणि त्याला श्वास घेता येत नसेल, तर त्याला हातावर पालथे, डोके खाली ठेवून, दोन खांद्यांच्या मध्ये पाच थापा द्याव्यात. वस्तू न निघाल्यास बाळाला उताणे करून छातीच्या मध्यभागी पाच वेळा दाब द्यावा. दिसत नसलेली वस्तू बोटाने चाचपून काढू नये, कारण ती आणखी आत जाण्याचा धोका असतो. ही कृती बारावीच्या गुणपत्रिकेतून येत नाही आणि मायेतूनही येत नाही. ती हाताने करून शिकावी लागते. बाळाला उताणे झोपवणे, जुलाबात जलसंजीवनी देणे, एक वर्षापर्यंत मध न चाटवणे, बाळाच्या हुंकाराला बोलून उत्तर देणे, या गोष्टीही शिकवण्याजोग्याच आहेत.

फ्रान्समध्ये स्वतःच्या घरी इतरांची मुले सांभाळणाऱ्या स्त्रियांसाठी १९७७ साली स्वतंत्र कायदा झाला. तेथे आज एकूण १२० तासांचे प्रशिक्षण लागते आणि त्यातील ८० तास पहिले मूल हाती घेण्यापूर्वीच पूर्ण करावे लागतात. शालेय शिक्षण कमी असलेली स्त्रीही या मार्गाने अर्हता मिळवू शकते.

आपल्याकडेही प्रशिक्षण थोडक्या मुदतीचे, सेविकेच्या भाषेत आणि प्रत्यक्ष कामावर आधारलेले असावे. परीक्षा लेखी न घेता काम पाहून घ्यावी. मात्र प्रमाणपत्रामागोमाग वेतन वाढले नाही, तर रोजगार बुडवून शिकायला येणे कोणाही गरीब स्त्रीला परवडणार नाही. प्रशिक्षणाची योजना आखताना वेतनाचा विचार त्याच वेळी करणे म्हणूनच आवश्यक आहे.