मोहफुले वेचा, पण आगीविना

होळीच्या सुमारास मोहाची पाने झडतात आणि फांद्यांच्या टोकांना फुलांचे झुपके लोंबू लागतात. गडचिरोली, गोंदियापासून नंदुरबारपर्यंत पहाटेची वेचणी सुरू होते. तोवर झाडावरचे निम्मे काम वटवाघळांनी रात्रीतच उरकलेले असते.

फळे खाणाऱ्या बहुतेक वटवाघळांना अंधारात नाक आणि डोळेच वाट दाखवतात. मोह नेमका त्यांच्या सोयीने फुलतो. फुले फिकट, पाकळ्या मांसल, रसाळ, साखरेने भरलेल्या. रात्री त्यांचा उग्र गोड वास दूरवर जातो. पानांचा अडथळा नसल्याने झुपक्यापर्यंत पोचणेही सोपे. कळी उमलण्याआधीच स्त्रीकेसराचे टोक तिच्या तोंडातून बाहेर डोकावते. वटवाघूळ फूल तोंडाने ओढते, तेव्हा पाकळ्यांचा गोळा आतल्या पुंकेसरांसकट निघतो, पराग थोबाडावरच्या लवेला चिकटतात आणि पुढच्या झाडावरच्या कळीला लागतात. मागे देठावर बीजांड सुखरूप राहते. त्याचेच पुढे फळ होते आणि पावसाच्या तोंडावर तेल देणारी टोरी, म्हणजे मोहाची बी, हाती येते. म्हणून झाडावर वटवाघळे दिसली की फुले गेली, असे समजून फटाके वाजवू नयेत.

वेचणी सोपी व्हावी म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवण्याची पद्धत मात्र सोडायलाच हवी. त्या आगीत मोहाची रोपे जळतात, वणवा जंगलात शिरतो. त्याऐवजी जमीन खराट्याने झाडून घ्यावी किंवा झाडाखाली चार खुंट्यांना जुन्या साड्या, शेडनेट बांधावे. फुलांना माती लागत नाही, माल स्वच्छ राहतो.

वटवाघळे फक्त मोहावरच येतात असे नाही. काटेसावरीवर दिवसा पक्षी, रात्री वटवाघळे येतात. केळफुलातला मधुरसही ती पितात. लागवडीच्या केळीला फळधारणेसाठी परागीभवन लागत नाही, त्यामुळे केळी बागायतदाराने घडाला स्कर्टिंग बॅग, म्हणजे घड झाकणारी पिशवी, घालावी. पेरू, आंब्याच्या फळांना कागदी पिशवी घालावी. सैल नायलॉन जाळी टाळावी. तिच्यात वटवाघळे अडकून मरतात. दिवसा ती ज्या वडा-पिंपळावर लटकतात, ती झाडे तोडू नयेत.

काळजीही हवी. वटवाघळांनी उष्टावलेली फळे खाऊ नयेत, जनावरांनाही घालू नयेत. निपाहसारख्या विषाणूंचा धोका असतो. जखमी वटवाघळाला उघड्या हाताने शिवू नये, वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.