आजोबांची हत्यारं आणि गंज

गणपतीला गावचं घर उघडलंस, माळ्यावरची हत्यारांची पेटी खाली काढलीस आणि आतलं सगळं तांबडंलाल बघून ‘काका, भंगारात देऊ का?’ म्हणून विचारलंस. अजिबात देऊ नकोस. समुद्र हाकेच्या अंतरावर, चार महिने पाऊस आणि बंद घर, म्हटल्यावर गंज चढणारच. पाणी आणि हवा एकदम मिळाली की लोखंड गंजतं, आणि खाऱ्या वाऱ्यातलं मीठ त्याला जोर देतं. पण वरून भयंकर दिसणाऱ्या गंजाखाली बहुतेक वेळा धड लोखंड शाबूत असतं. चाकूच्या टोकाने खरवडून बघ. पापुद्रे सुटून खड्डे दिसले तरच काळजी.

लगेच पॉलिश पेपर घेऊन घासत बसू नकोस. आधी सगळं गरम पाण्यात भांड्यांच्या साबणाने धू. पंचवीस वर्षांचं जुनं ग्रीस गंजाच्या अंगावर बसलेलं असतं, त्याच्या खाली आंबट पाणी पोचतच नाही. अर्ध्याअधिक लोकांचं ‘व्हिनेगर लावून बघितलं, काही झालं नाही’ हे रडगाणं इथूनच सुरू होतं.

मग वाण्याकडून लिंबूसत्व आण, म्हणजे सायट्रिक ॲसिड. एक लिटर गरम पाण्यात साधारण 50 ग्रॅम, प्लास्टिकच्या टबात. ॲल्युमिनियमचं पातेलं घेऊ नकोस, ते स्वतःच खाल्लं जाईल. पाने, पक्कड, नट-बोल्ट, बिजागऱ्या त्यात पूर्ण बुडव. अर्धवट बुडालेल्या वस्तूवर पाण्याच्या रेषेपाशी ओरखड्यासारखी खूण उठते, ती जाता जात नाही. थोड्या वेळाने बारीक बुडबुडे येतील, पाणी पिवळट हिरवं होईल. तासा-दोन तासांनी एक वस्तू काढून जुन्या दात घासायच्या ब्रशने घास. काळा गाळ निघाला आणि खाली राखाडी लोखंड दिसलं की झालं. नाही निघालं तर परत टाक. पांढरं व्हिनेगरही चालतं, पण त्यात आम्ल 4-5 टक्केच असतं, त्यामुळे रात्रभर ठेवावं लागतं. ‘असू दे अजून दोन दिवस’ असं मात्र करू नकोस. गंज संपला की आम्ल चांगलं लोखंड खायला लागतं.

तुझी आजी विळीच्या पात्याला चिंचेचा कोळ लावायची, ते हेच काम. फक्त तांब्या-पितळेला चिंचेबरोबर मीठ चालतं, लोखंडाला नको. मिठाचे कण बारीक खाचांत राहिले की पुढच्या गंजाची सोय तिथेच होते.

आता खरी गोष्ट. गंज काढणं कोणालाही जमतं, पुढच्या पंधरा मिनिटांत लोक फसतात. आम्लातून निघालेलं लोखंड अगदी उघडं असतं. नुसतं धुऊन ओट्यावर ठेवलंस तर चहा उकळेपर्यंत त्यावर नारिंगी साय धरते. म्हणून सगळी तयारी आधी करून ठेव. शेजारी दुसऱ्या टबात एक लिटर पाणी आणि चमचाभर खाण्याचा सोडा. वस्तू आंबट पाण्यातून काढली की त्यात बुडव, घास, साध्या पाण्याने धू, ताबडतोब सुक्या फडक्याने पूस आणि मग उन्हात किंवा तव्यावर मंद आचेवर इतकी तापव की हाताला गरम लागेल. सांध्यांत, आट्यांत अडकलेलं पाणी फडक्याने निघत नाही, उष्णतेनेच निघतं. गरम असतानाच तेल लाव. शिवणयंत्राचं तेल उत्तम. पातळ असतं, आत शिरतं, आणि नंतर चिकट होत नाही. विळी-कोयत्यासाठी खायचं तेल लाव, पण ते महिन्याभरात चिकट होतं, तेव्हा अधूनमधून पुसून नवं लाव. फवारणीच्या डबीतलं डब्ल्यूडी-40 हे पाणी हटवायला चांगलं. ते मुळात 1953 मध्ये अमेरिकेत त्यासाठीच बनवलं, क्षेपणास्त्राच्या पत्र्याचं गंजापासून रक्षण करायला. पण त्याचा बराच भाग उडून जातो. नुसत्या त्याच्या भरवशावर हत्यार पावसाळाभर ठेवू नकोस.

अडकलेला नट जोर लावून फिरवू नकोस. गंज मूळ लोखंडापेक्षा बरीच जास्त जागा घेतो, म्हणून नट आतून आवळला जातो. रॉकेल मिळालं तर रॉकेल, नाहीतर असलंच एखादं पातळ तेल सोड, रात्रभर राहू दे, सकाळी हातोडीने हलकेच चारी बाजूंनी टकटक कर. मग आधी थोडा आवळ, आणि मगच सैल कर. हा एक इंच पुढे-दोन इंच मागे प्रकार ज्याला जमत नाही तो बोल्ट तोडून बसतो.

कानशींना पॉलिश पेपर लावलास तर मी बोलणार नाही तुझ्याशी. दात बोथट होतील. त्यांना आंबट पाण्यात ठेव. आम्ल दातांच्या खोबणी खातं, त्यामुळे जुनी कानस थोडी धारदारही होते. तारेचा ब्रश दातांच्या रेघेने फिरव, आडवा नको. कात्री आणि वस्तरा आम्लात घालू नकोस, धारेवर काळे डाग पडतात. तेलात बुडवलेल्या बारीक तारेच्या घासणीने घासून काढ. व्हर्नियर तर नुसतं तेल आणि मऊ फडकं. त्यावरच्या खुणा गेल्या की ते शोभेचं झालं. लाकडी मुठीची हत्यारं बुडवायची नाहीत, पात्यालाच आंबट पाण्यात भिजवलेलं फडकं गुंडाळून ठेव. जस्ताचा मुलामा असलेल्या वस्तूंनाही आम्ल नको, आधी जस्त जाईल. सायकलच्या क्रोमवर गंजाचे ठिपके असतील तर स्वयंपाकघरातला ॲल्युमिनियमचा कागद पाण्यात भिजवून घास, ओरखडे पडत नाहीत.

एक गोष्ट निक्षून सांगतो. संडास धुवायचं ॲसिड वापरायचं नाही. गंज क्षणात जातो खरा, पण त्याच्या वाफेने त्या खोलीतली बाकीची हत्यारं गंजतात, शिवाय छातीला लागते ती वेगळी. आणि ते ब्लीचमध्ये मिसळलं तर क्लोरीन वायू सुटतो. मोबाईलवर बघून बॅटरीच्या चार्जरने गंज काढायचा प्रयोग करणार असशील तर इतकंच: उघड्यावर कर, हत्यार ऋण टोकाला लाव, धन टोकाला भंगार लोखंड लाव, स्टेनलेस तिथे चालत नाही, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. पाण्यात मीठ नको, धुण्याचा सोडा घाल.

पेटी परत भरताना गोणपाट किंवा चामड्याची पिशवी काढून टाक, ओल धरून ठेवतात. प्रत्येक हत्यार तेलाच्या कागदात गुंडाळ, पेटी सिमेंटच्या जमिनीवर न ठेवता फळीवर ठेव.

आजीचा अडकित्ता मात्र त्या टबात टाकू नकोस. त्याला पितळेचं काम आहे, आम्लाने ते लालसर पडेल. दिवाळीला इकडे येशील तेव्हा तो घेऊन ये, मी करून देतो.