वाढ वेगळी, औषध वेगळं

चि. सोनू,

नरक्याच्या पानांवर कॅलस, म्हणजे पेशींचा गोळा, धरला, बाटल्या भरून वाढतोय, हे वाचून फार आनंद झाला. पण त्यात कॅम्पटोथेसिन हे औषधी द्रव्य नावापुरतंच म्हणून खचलीस, आणि आता ते वाढवायला जास्मोनेट, यीस्टचा अर्क, कायटोसान सगळं एकदम घालणार म्हणतेस. थोडी थांब.

पेशी फोफावल्या की औषधही वाढतं, असं नसतं. बहुतेकदा उलटच घडतं. क्योटोच्या मामोरू ताबाता यांच्या गटाचं शिकोनिन या लाल द्रव्यावरचं काम मुळातून वाच. २,४-डी हे वाढीचं संप्रेरक दिलं किंवा निळा प्रकाश पडला, की पेशी ते द्रव्य बनवायच्या थांबत. अमोनियमही आड येई. म्हणून १९८३ मध्ये मित्सुई पेट्रोकेमिकलने उत्पादन सुरू केलं ते दोन टप्प्यांत: आधी पेशी वाढवायच्या, मग माध्यम बदलून शिकोनिन काढायचं. लाल पेशी डोळ्यांनीच निवडता येत, ही त्यांची मोठी सोय. तुलाही थोडी आहे! कॅम्पटोथेसिन अतिनील दिव्याखाली निळं चमकतं. इतरही द्रव्यं चमकतात, म्हणून एचपीएलसी चाचणीशिवाय खात्री धरू नकोस; पण कुठला कॅलस जपायचा, याचा अंदाज येईल.

जास्मोनेट म्हणजे झाडाला कीड लागल्याचा, जखमेचा निरोप. तो मिळाला की पेशी वाढ आवरून बचावाला लागते. तो वाढीच्या अखेरीस दे, एकटाच दे. तो इथेनॉलमध्ये विरघळवशील, तर नुसतं इथेनॉल घातलेल्या बाटल्याही ठेव. उतारा ग्रॅममागे आणि लिटरमागे, दोन्ही लिही. ग्रॅममागे दुप्पट आणि पेशी निम्म्या, तर हाती काहीच वाढलं नाही.

आणि कॅलसने दिलंच नाही तर? सदाफुलीत व्हिंडोलीन या द्रव्याचे शेवटचे टप्पे पानातल्या खास पेशींतच होतात. नुसत्या गोळ्यात ते घडत नाहीत. ऑफिओऱ्हायझा प्युमिला या वनस्पतीच्या केसाळ मुळांनी मात्र कॅम्पटोथेसिन बनवलं, माध्यमातही सोडलं. तेव्हा माध्यम ओतून देण्याआधी तपास, आणि मुळांचा प्रयोग आतापासूनच लाव.

कॅम्पटोथेसिन शोधणाऱ्यांपैकी मनसुख वाणी आपल्या नंदुरबारचे. त्याच औषधापायी सह्याद्रीतला नरक्या बुंध्यापासून तोडला गेला. म्हणून तुझ्या बाटल्यांकडे माझं लक्ष आहे. पुढच्या पत्रात ग्रॅममागचा आणि लिटरमागचा, दोन्ही आकडे कळव.

तुझी,
मावशी