न पोचलेली सनद : सरन्यायाधीश जॉन मार्शल

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचे सर्वोच्च न्यायालय इ. स. १८०१ मध्ये कोणत्या स्थितीत होते, हे प्रथम ध्यानी घेतले पाहिजे. त्यास स्वतःची इमारत नव्हती. वॉशिंग्टन येथील कॅपिटॉल भवनातल्या एका खोलीत त्याचे कामकाज चाले. पहिले सरन्यायाधीश जॉन जे यांना ते पद पुन्हा देऊ केले असता, या न्यायालयास वजन नाही, असे कळवून त्यांनी ते नाकारले. तेच पद जॉन मार्शल यांनी स्वीकारले आणि मृत्यूपर्यंत, म्हणजे ३४ वर्षे, सांभाळले.

मार्शल यांचा जन्म २४ सप्टेंबर १७५५ रोजी व्हर्जिनियात झाला. पंधरा भावंडांत ते थोरले. वडील जमीन-मोजणीदार, शाळेचा योग जेमतेम वर्षभराचा, बाकीचे शिक्षण बहुतांशी घरीच, वडिलांपाशी झाले. स्वातंत्र्ययुद्धात त्यांनी १७७७-७८ चा हिवाळा व्हॅली फोर्ज येथील छावणीत, थंडी व उपासमार सोसत काढला. अमेरिका हाच आपला देश, ही भावना सैन्यात असताना जडली, असे त्यांनी पुढे स्वतः लिहिले आहे. कायद्याचे रीतसर अध्ययन मात्र काही आठवड्यांचेच होते.

ज्या खटल्यामुळे त्यांचे नाव राहिले, तो एका सनदेचा होता. अध्यक्ष अॅडम्स यांनी पायउतार होताना विल्यम मार्बरी यांस एका कनिष्ठ न्यायाधिकाऱ्याचे पद दिले. सनदेवर सही झाली, शिक्का बसला. पण ती मार्बरींच्या हाती पोचली नाही. ती पोचविण्याचे काम त्या वेळचे परराष्ट्रमंत्री म्हणून खुद्द मार्शल यांच्याकडेच होते! (आजच्या दृष्टीने त्यांनी हा खटला आपल्यासमोर घ्यावयास नको होता.) नवे अध्यक्ष जेफरसन यांनी सनद अडवून ठेवली व मार्बरी थेट सर्वोच्च न्यायालयात गेले.

पेच कठीण होता. सनद देण्याचा हुकूम सोडावा, तर सरकार तो धुडकावणार. मुकाट्याने माघार घ्यावी, तर न्यायालय दुर्बल ठरणार. २४ फेब्रुवारी १८०३ रोजी मार्शल यांनी निकाल दिला : मार्बरींचा हक्क खरा, सरकारचे वर्तन बेकायदेशीर, परंतु थेट असा हुकूम काढण्याचा जो अधिकार १७८९ च्या कायद्याने न्यायालयास दिला आहे, तो संविधानाशी विसंगत असल्याने ते कलमच निरर्थक आहे. एक लहान अधिकार स्वतःहून नाकारून न्यायालयाने फार मोठा अधिकार मिळविला. जेफरसन यांना धुडकावण्यासारखा हुकूमच उरला नाही. मार्बरींना मात्र सनद कधीच मिळाली नाही.

संविधानविरोधी कायदा न्यायालयाने रद्द करावा, असे अमेरिकेच्या संविधानात स्पष्ट शब्दांत कोठेही लिहिलेले नाही. ते मार्शल यांनी तर्काने सिद्ध केले. भारताच्या संविधानात मूलभूत हक्कांशी विसंगत कायदे शून्यवत ठरतील, हे अनुच्छेद १३ मध्ये लिहूनच ठेवले आहे. नागरिकशास्त्र शिकविताना हे दोन्ही शेजारी ठेवून दाखविल्यास मुलांस विषय लवकर उमगेल. सनदेची गोष्ट आधी सांगावी, अनुच्छेद मागाहून.

मार्शल यांनी आणखी एक रूढी बदलली. पूर्वी प्रत्येक न्यायाधीश आपले मत वेगळे वाचून दाखवी. आता बहुधा साऱ्या न्यायालयाचे मिळून एकच निकालपत्र निघू लागले. केंद्राच्या बँकेवर राज्याने कर बसवू नये (१८१९), राज्याराज्यांतील जलवाहतुकीवर केंद्राच्या कायद्याचा अंमल चालावा (१८२४), असे निकाल त्यातूनच आले.

तथापि हे चरित्र निष्कलंक म्हणून सांगणे योग्य नव्हे. मार्शल स्वतः गुलामांचे मालक होते. न्यायालयाची मर्यादाही त्यांच्याच हयातीत दिसून आली. १८३२ मध्ये, चेरोकी लोकांच्या भूमीवर जॉर्जिया राज्याचे कायदे चालत नाहीत, असा निकाल त्यांनी दिला. जॉर्जियाने तो मानला नाही आणि केंद्रसरकारनेही चेरोकींची पाठराखण केली नाही. सक्तमजुरीची शिक्षा झालेले मिशनरी सॅम्युएल वूस्टर, ज्यांच्या नावाने हा खटला चालला, ते पुढच्या वर्षी सुटले. ६ जुलै १८३५ रोजी फिलाडेल्फियात मार्शल निवर्तले. त्यानंतर तीनच वर्षांनी, १८३८ मध्ये, सैन्याने चेरोकींना घरांतून बाहेर काढून पश्चिमेकडे नेले. त्या वाटेवर व छावण्यांत त्यांतील हजारो माणसे मरण पावली.