एका अक्षराची चूक

मी वाणिज्य शाखेची. जीवशास्त्र दहावीनंतर सुटले. तरी हा लेख लिहावा लागला तो माझ्या मामांमुळे.

मामा मलाजखंडला, तांब्याच्या खाणीजवळ राहतात. गेल्या वर्षी त्यांना क्षय झाला. दोन महिन्यांत खोकला थांबला, म्हणून त्यांनी गोळ्या सोडल्या. त्रास झाला की चार दिवस घ्यायच्या, पुन्हा सोडायच्या. दिवाळीच्या सुट्टीत मी गेले, तेव्हा मामीने थुंकीच्या तपासणीचा कागद माझ्या हाती दिला. जंतू रिफाम्पिसिन या औषधाला दाद देत नाहीत, असे त्यात इंग्रजीत लिहिले होते. "म्हणजे काय गं?" मामीने विचारले. मला सांगता येईना. ते उत्तर शोधून येथे मांडीत आहे.

क्षयाच्या जंतूचा सारा कारभार त्याच्या जनुकसंचात लिहिलेला असतो. ही जणू सुमारे ४४ लाख अक्षरांची खातेवही. शास्त्रज्ञांनी ती १९९८ मध्ये प्रथम संपूर्ण वाचली. एका जंतूचे दोन होताना वहीची नक्कल होते, आणि नक्कल म्हटली की क्वचित चूक आलीच. 'आरपीओबी' नावाच्या जनुकात एखादे अक्षर चुकले, तर रिफाम्पिसिन जेथे चिकटते त्या जागेचा आकार बदलतो आणि औषध निरुपयोगी ठरते.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ही चूक औषध करीत नाही. ती आधीच एखाद्या जंतूत झालेली असते. औषध बाकीच्यांना मारते आणि चुकलेल्याला रान मोकळे होते. म्हणूनच क्षयावर प्रथम चार औषधे एकदम देतात. एकातून निसटलेला जंतू दुसऱ्याच्या हाती सापडतो. उपचार अर्धवट राहिले की हा पहारा ढिला पडतो. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया व सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये असे चार रुग्ण नोंदवले, ज्यांच्या जंतूंवर तपासलेले एकही औषध चालत नव्हते.

पूर्वी जंतू प्रयोगशाळेत वाढवून औषध पारखावे लागे. त्यात कित्येक आठवडे जात. आता 'सीबीनाट' यंत्र त्या जनुकातील ८१ अक्षरांचा तुकडा तपासून सुमारे दोन तासांत निकाल देते. संपूर्ण वही वाचली, तर इतर औषधांविरुद्धच्या चुकाही कळतात. कोणत्या चुकीने कोणते औषध निकामी होते, याची यादी जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. आमच्या भाषेत सांगायचे तर, तेरीज जुळत नसेल तेव्हा चुकीची नोंद नेमकी कोणत्या पानावर आहे, हेच ती दाखवते.

भारताने २०२४ मध्ये अशा क्षयासाठी बेडाक्विलिनसह चार औषधांचा सहा महिन्यांचा उपचार मंजूर केला. मामांना तोच सुरू झाला आहे. परंतु बेडाक्विलिनला न जुमानणारे जंतूही आढळू लागले आहेत. यंत्र चूक वाचून दाखवील. गोळी मात्र माणसानेच घ्यायची आहे.

मामीला हे सारे मी फोनवर सांगितले. आता ती रोज गोळी झाली की भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करते. एकही रकाना अजून कोरा नाही.